गरमी, परमा आणि आतशक : मुधोळ परिसरातील गुप्तरोगांच्या उपचाराची परंपरा

मुधोळ तालुका हैदराबाद संस्थानात नांदेड जिल्ह्याचा भाग होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो आदिलाबादला जोडला गेला व २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. मराठी, तेलुगू व उर्दू येथे शेजारी नांदतात आणि लैंगिक संसर्गाच्या रोगांना तिन्हींत वेगवेगळी नावे आहेत. मराठीत गरमी व परमा, उर्दूत आतशक व सोजाक, तर तेलुगूत सुखव्याधी. यांपैकी आतशक हा शब्द फारसीतील ‘आतश’ म्हणजे अग्नी यावरून, तर सोजाक जळजळीवरून आला आहे. गरमीचा अर्थही तोच. रोग उष्णतेचा मानला, म्हणून पहिला इलाज घरातच होई : सब्जा, धने-जिऱ्याचे पाणी आणि पथ्य.

या इलाजांवर लोकांचा विश्वास बसण्यास सबळ कारण होते. गरमीचा पहिला व्रण औषधाविना साधारण तीन ते सहा आठवड्यांत भरून येतो, परम्याची जळजळही कालांतराने कमी होते. रोग मात्र शरीरात राहतो. त्यामुळे या काळात ज्याचे औषध चालू असे, त्याला यश मिळे. मग तो वैद्य असो, हकीम असो वा बाजारातला जडीबुटीवाला.

लक्षणे परतल्यावर मात्र जाणकाराकडे जावे लागे. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ ग्रंथात हा रोग फिरंग या नावाने येतो व त्यावर रसकापूर, म्हणजे पाऱ्याचे औषध, सांगितले आहे. चीनमधून आलेली चोपचिनी त्याच शतकात गाजली. गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात तिच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. युनानी हकिमांनीही ती स्वीकारली. पाऱ्याने तोंड येऊन लाळ गळे, ते विष बाहेर पडण्याचे लक्षण समजले जाई. वस्तुतः ती पाऱ्याचीच बाधा होती.

हैदराबाद संस्थानात युनानीला राजाश्रय होता. १९१० मध्ये साल्व्हर्सन आणि १९४३ नंतर पेनिसिलिन आल्याने गरमीचा खरा उपचार सुईत आला. तथापि गुप्ततेची गरज कायम राहिली. ओळखीच्या डॉक्टरपेक्षा दूरच्या गावचा दवाखाना किंवा औषधाचे दुकान पुरुषाला सोयीचे वाटे.

ही वाट मुख्यतः पुरुषांची. स्त्रियांची स्थिती जुन्या आदिलाबादला लागून असलेल्या गडचिरोलीत मोजली गेली. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग होता, पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या केवळ ८ टक्के. ‘अंगावरून पांढरे जाणे’ हे बाईच्या नशिबाचेच मानले, तर दवाखान्याचा प्रश्न उरतो कोठे?

१९९२ नंतर राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात लक्षणांवरून उपचाराची पद्धत रुजली. प्रयोगशाळेची वाट न पाहता लक्षणानुसार ठराविक रंगाच्या पाकिटातील गोळ्या देणे व जोडीदारालाही औषध देणे, अशी ही पद्धत. व्रण किंवा पुरुषाचा स्राव यांसाठी ती उपयोगी आहे. स्त्रीच्या बाबतीत ती तोकडी पडते, कारण संसर्ग पुष्कळदा लक्षणांविनाच असतो आणि पांढरे जाण्यामागे अनेकदा लैंगिक संसर्ग नसतो. गर्भवतीच्या नियमित तपासणीतील सिफिलिसच्या रक्तचाचणीत मात्र बाईला काहीच सांगावे लागत नाही.