गळाच्या काठीचें कवच

अंबरनाथचें शिवालय शके ९८२ मध्यें, म्हणजे इसवी सन १०६० मध्यें, शिलाहार राजा मुम्मुणि याच्या काळीं उभें राहिलें. त्याच्या शेजारून वालधुनी नदी वाहते. ही लहानशी नदी पुढें उल्हासनगरांतून जाते आणि कल्याणकडे उल्हास नदीच्या पाण्यास मिळते. उल्हास नदी मात्र राजमाचीच्या डोंगरांत उगम पावून कर्जत, बदलापूर या वाटेनें खालीं येते. जेथें नदी तेथें मासा, आणि जेथें मासा तेथें गळ, हा क्रम मनुष्याइतकाच जुना आहे. गळाची काठी ही वस्तु वरवर पाहतां क्षुल्लक. परंतु तिच्यावर चढविलेल्या रंगरोगणाचा माग काढीत गेलें, तर तो भारताच्या लाखेपासून अमेरिकेच्या प्रयोगशाळेपर्यंत नेतो, आणि अखेर याच दोन नद्यांच्या कांठीं परत आणून सोडतो.

काठीला लेप लागतो कशासाठीं? बांबूचें सारें बळ त्याच्या सालीलगतच्या दाट तंतूंत असतें. तो वांकतो, पण मोडत नाहीं. ओढ सुटतांच पुन्हां सरळ होतो. मात्र त्यांत ओल शिरली कीं तो मऊ पडतो, वांकडा होतो आणि कालांतरानें कुजतो. पाण्यावर पोट भरणाऱ्यांस हें पाण्याचें वैर फार पूर्वींपासून ठाऊक आहे. ठाणें जिल्ह्यांतील कोळी आपलीं सुती व तागाचीं जाळीं ऐनाच्या सालीच्या काढ्यांत भिजवून टिकाऊ करीत. होड्यांच्या लांकडाला मोरीसारख्या माशाच्या यकृताचें तेल चोळीत. ज्या पाण्यांतून अन्न मिळवावयाचें, त्याच पाण्यापासून साधनाचें रक्षण करावयाचें, हाच त्या साऱ्या खटाटोपाचा अर्थ होता.

एकोणिसाव्या शतकांत या साध्या काठीची मोठी कलाकृति झाली. अमेरिकेंत पेन्सिल्वेनियामधील ईस्टन या गांवीं सॅम्युएल फिलिप नांवाचा एक कारागीर होता. बंदुका दुरुस्त करणें आणि व्हायोलिनें बनविणें हे त्याचे व्यवसाय. १८४५ च्या सुमारास त्यानें बांबू उभा चिरून, त्याच्या त्रिकोणी पट्ट्या सरसानें जोडून भरीव काठी तयार केली. सालीकडील बळकट भाग बाहेर आणि मऊ गाभा आंत, अशी ही रचना होती. पुढें मेन प्रांतांतील हायरम लेनर्ड यानें अशा पट्ट्या यंत्रानें कापण्याची सोय केली, आणि सहा पट्ट्यांची काठी सर्वत्र रूढ झाली. यासाठीं जो बांबू वापरीत, त्याला तिकडे ‘कलकत्ता बांबू’ म्हणत, कारण तो हिंदुस्थानांतून त्या बंदराच्या वाटेनें जात असे. त्यावर पुष्कळदां भाजल्याचे काळे डाग असत. ते चुकवून पट्ट्या काढाव्या लागत. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं दक्षिण चीनमधील टोंकिन बांबूनें त्याची जागा घेतली.

सरसानें जोडलेल्या काठीला पाण्याचें भय दुप्पट. बांबू भिजेल हें एक आणि सांधा सुटेल हें दुसरें. म्हणून दोरी ओवण्याच्या कड्यांवर रेशमी धाग्याचे वेढे घट्ट घालीत आणि मग सबंध काठीवर रोगण चढवीत. हें रोगण बहुधा अळशीचें तेल आणि राळ यांचें असे. जहाजाच्या डोलकाठीसाठीं जें योजिलें, तेंच या लहान काठीलाहि लाभलें. परंतु उघड्या रेशमावर रोगण लागलें कीं तें धाग्यांत मुरतें, रंग काळवंडतो आणि धागा पारदर्शक होतो. तें टळावें म्हणून कित्येक कारागीर आधीं लाखेच्या पातळ द्रावणाचा हात देत.

ही लाखहि मुख्यतः हिंदुस्थानचीच. पळस, कुसुंब, बोर या झाडांच्या कोंवळ्या फांद्यांवर बारीक किडे आपल्याभोंवतीं जें कवच निर्माण करतात, तेंच लाख. खरवडून, धुऊन आणि वितळवून तिच्या पातळ पापड्या करीत आणि त्या परदेशीं जात. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या ज्या लाखेच्या, तीच लाख मद्यार्कांत विरघळवून लांकडाला चकाकी देत. मात्र तिचा एक दोष होता : पाणी लागलें कीं ती पांढरी पडते. म्हणून ती आंत आणि तेलाचें रोगण बाहेर, अशी वांटणी झाली.

लेप देणें हें काम मोठ्या निगुतीचें. कुंचल्याचे फराटे उठूं नयेत म्हणून काठी रोगणानें भरलेल्या उभ्या नळींत बुडवीत आणि अगदीं सावकाश वर ओढीत. धुळीचा एक कण बसला तरी पृष्ठभाग बिघडे. एक हात पुरता वाळल्यावर तो हलकेच घासून मगच दुसरा हात देत. आणि या कामीं अति उत्साह घातक. लेप जाड झाला कीं काठीचें वजन वाढतें. टोंकाकडे वाढलेलें थोडेंसें वजनहि तिची उसळी मंद करतें. रक्षणापुरता लेप असावा आणि त्याहून अधिक नसावा, हें प्रमाण ज्याला कळलें तोच खरा कारागीर.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ही विद्या पालटली. आर्थर हॉवल्ड या अमेरिकन रसायनतज्ज्ञानें १९४४ च्या सुमारास, बांबूचें टोंक मोडलें असतां, कांचेच्या तंतूंना कृत्रिम राळ पाजून नवें टोंक तयार केलें. १९४७ मध्यें अशा काठ्या बाजारांत आल्या. १९५० सालीं कोरियाच्या युद्धामुळें अमेरिकेनें चीनशीं व्यापार बंद केला आणि टोंकिन बांबू मिळेनासा झाला. कांचतंतूचा विजय त्यामुळें पक्का झाला. १९७० नंतर कार्बनच्या तंतूंची अधिक हलकी काठी आली. हे तंतु पाण्यानें कुजत नाहींत. पण त्यांना बांधून ठेवणारी राळ उन्हानें झिजते, आणि ओरखडा पडला तर काठी तेथेंच मोडते. म्हणून लेपाची गरज संपली नाहीं. त्याचा हेतु तेवढा बदलला. आतां रंगाचा पातळ थर आणि त्यावर इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनचें पारदर्शक आवरण देतात. इपॉक्सीचे दोन द्रव ठरलेल्या प्रमाणांत मिसळतात आणि तें घट्ट होईपर्यंत काठी लहान मोटारीवर हळूहळू फिरवीत ठेवतात, म्हणजे लेप एका बाजूस ओघळत नाहीं. साधन नवें, पण प्रमाणाचें भान जुनेंच.

मात्र एक फरक मोठा आहे. लाख झाडावर होत असे. नवीन राळ कारखान्यांत होते. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं कल्याणच्या लष्करी छावणींतील निर्वासित सिंधी बांधवांच्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. उद्योगी हातांनीं तेथें बाजारपेठ उभी केली. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि अंबरनाथ, बदलापूर या भागांत रसायनांचे व रंगद्रव्यांचे कारखाने वाढले. हजारों कुटुंबांना त्यांनीं भाकरी दिली. परंतु त्यांचें सांडपाणी आणि शहरांचा मैला वालधुनींत व उल्हासेंत येऊं लागला. २०१४ सालीं वालधुनींत कोणीं तरी टाकलेल्या रसायनाच्या वाफेनें उल्हासनगरांतील शेंकडों माणसें अत्यवस्थ झालीं. २०१५ मध्यें राष्ट्रीय हरित लवादानें या नद्यांच्या प्रदूषणाबद्दल कोट्यवधि रुपयांचा दंड ठोठावला.

पूर्वीं काठीला नदीपासून जपावें लागे; आतां नदीलाच जपण्याची वेळ आली आहे. शंभर वर्षें न कुजणारी काठी मनुष्यानें निर्माण केली, हें त्याच्या बुद्धीस भूषण खरें. पण ती पाण्यावर धरून बसणाऱ्याला खालून झटका जाणवला पाहिजे. जुन्या कारागिरानें काठीसाठीं जें प्रमाण पाळलें, तेंच कारखान्यांनीं आणि नगरांनीं पाण्यासाठीं पाळलें, तरच शिवालयाच्या पायथ्याशीं वाहणाऱ्या त्या धारेला पुन्हां नदी म्हणतां येईल.