शिडशिडीत उंचीची पारख

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलची प्रमुख साखळी असलेल्या एनबीएमध्ये नवे खेळाडू ज्या वार्षिक निवडीतून येतात तिला ड्राफ्ट म्हणतात. तीत संघ ठरलेल्या क्रमाने एकेका खेळाडूवर हक्क सांगतात आणि आदल्या हंगामात मागे पडलेल्या संघांना सहसा आधी निवड करता येते. 1947 पासून चालत आलेल्या या पद्धतीत पहिल्या काही क्रमांकांवरची चूक संघाला वर्षानुवर्षे भोवते. त्यामुळे सात फुटांच्या आसपास उंची असलेला पण अंगावर मांस नसलेला तरुण पुढे आला की तो व्यावसायिक खेळात टिकेल का, हा वाद दर पिढीत नव्याने उभा राहतो. वाद खेळाडूच्या शरीरावरून घातला जात असला, तरी त्याचा निकाल बहुतेक वेळा त्या काळच्या नियमांनी लावला आहे, ही गोष्ट मात्र त्यात क्वचितच लक्षात घेतली जाते.

वजनाला आलेली किंमत मुळात जागेच्या झगड्यातून आली. जॉर्ज मायकन हा 6 फूट 10 इंच उंचीचा, भारदस्त अंगाचा खेळाडू बास्केटखाली ठाण मांडून बसू लागल्यावर, जिथे आक्रमक खेळाडूला सलग तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही तो बास्केटपुढील पट्टा 1951 मध्ये 6 फुटांवरून 12 फूट रुंद करण्यात आला आणि 1964 मध्ये तो 16 फुटांवर नेण्यात आला. त्याच सुमारास बिल रसेल या सडपातळ सेंटरने, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या सर्वांत उंच खेळाडूने, बोस्टनला 13 हंगामांत 11 विजेतेपदे मिळवून देताना उडी, वेळ आणि अंदाज यांच्या बळावर बचाव उभा राहू शकतो हे दाखवून दिले. तरीही क्षेत्ररक्षणावर, म्हणजे एका प्रतिस्पर्ध्याला न बांधून घेता मैदानाचा ठरावीक भाग राखण्याच्या डावपेचावर, साखळीत 1947 पासून बंदी होती. परिणामी किडकिडीत सेंटरला समोरच्या धिप्पाड खेळाडूपासून लपवण्याची सोय प्रशिक्षकापाशी नव्हती.

या चौकटीत 1985 मध्ये मनूट बोल आला. सुदानमधील डिंका समाजात जन्मलेल्या या 7 फूट 7 इंचांच्या खेळाडूचे वजन जेमतेम 90 किलोंच्या घरात होते आणि वॉशिंग्टनने त्याला दुसऱ्या फेरीत 31व्या क्रमांकावर घेतले, यावरूनच संघांना वाटणारा धोका दिसतो. पहिल्याच हंगामात त्याने 397 ब्लॉक केले, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचे तितके फटके हवेतच अडवले. सामन्यामागे ही सरासरी सुमारे पाच पडते आणि नवख्या खेळाडूचा तो विक्रम आहे. दहा हंगामांच्या कारकिर्दीत त्याच्या नावावर 1,599 गुण आणि 2,086 ब्लॉक जमा झाले. अशा माणसाला यशस्वी म्हणायचे की नाही, हे यशाच्या व्याख्येवर अवलंबून आहे. पण तो टिकणार नाही हे भाकीत मात्र साफ खोटे ठरले.

शॉन ब्रॅडलीच्या वाट्याला उलटे आले. 7 फूट 6 इंच उंचीच्या या खेळाडूला फिलाडेल्फियाने 1993 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडले, तेव्हा तो विद्यापीठात एकच हंगाम खेळलेला होता आणि त्यानंतरची दोन वर्षे त्याने धर्मप्रचारकार्यासाठी ऑस्ट्रेलियात घालवली होती. तो पुढे बारा हंगाम खेळला आणि 1996-97 मध्ये सामन्यामागील ब्लॉकच्या सरासरीत साखळीत पहिला आला. 31व्या क्रमांकावर त्याचे कौतुकच झाले असते. दुसऱ्या क्रमांकावर त्याला फसलेली निवड ठरवण्यात आले. त्याच्या बारीक अंगावर जे खापर फुटले, त्यातले बरेचसे निवडीच्या क्रमांकाचे होते.

2001 मध्ये क्षेत्ररक्षणावरील बंदी उठली, पुढे बचावपटूच्या हाताने अडवण्यावरही कडक नजर ठेवली जाऊ लागली, आणि 1979 मध्ये आलेल्या तीन गुणांच्या रेषेचा वापर हळूहळू इतका वाढला की खेळ बास्केटखालून बाहेर पसरला. या बदलाच्या मध्यावर, 2007 मध्ये, केविन ड्युरांटला निवडीपूर्वीच्या चाचणीत सुमारे 84 किलोंचा भार छातीवरून एकदाही उचलता आला नाही, याचा मोठा गवगवा झाला. पोर्टलंडने पहिल्या क्रमांकावर दणकट बांध्याच्या ग्रेग ओडेनला घेतले. गुडघ्यांच्या दुखापतींमुळे तो साखळीत एकूण 105 सामनेच खेळू शकला. सिअ‍ॅटलने दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला ड्युरांट चार वेळा सामन्यामागील गुणांत अव्वल ठरला आणि 2014 मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मानकरी झाला.

पायांच्या दुखापतींचा आधार घेऊन शंकेखोर आजही आपली बाजू मांडतात. मात्र याच कारणाने 2011 मध्ये निवृत्त झालेला प्रचंड उंचीचा सेंटर याओ मिंग मुळीच सडपातळ नव्हता, त्यामुळे दोष बारीकपणाचा की प्रचंड उंचीचा, हे या युक्तिवादात कधीच वेगळे काढले जात नाही.

2022 मध्ये ओक्लाहोमा सिटीने दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला चेट होल्मग्रेन, सात फूट उंच आणि सुमारे 88 किलो वजनाचा, हे या वादाचे ताजे प्रकरण होय. पायाला झालेल्या दुखापतीमुळे त्याचा पहिला हंगाम पूर्ण वाया गेला. पण ती दुखापत बास्केटखालच्या रेटारेटीत नव्हे, तर एका प्रदर्शनी सामन्यात धावत्या प्रतिहल्ल्यात लेब्रॉन जेम्स या नामांकित खेळाडूला अडवताना झाली होती. पुढच्या हंगामात तो साखळीतील सर्व 82 सामने खेळला. 2025 मध्ये ओक्लाहोमाने विजेतेपद मिळवले तेव्हा अंतिम मालिकेतील सातव्या सामन्यात त्याच्या खात्यावर 18 गुण आणि 5 ब्लॉक होते. असे असले तरी संघाच्या व्यवस्थापनाने शंकेखोरांचे म्हणणे पुरते झिडकारले नव्हते: जागेसाठीची धक्काबुक्की होल्मग्रेनच्या एकट्याच्या अंगावर पडू नये, यासाठी 2024 च्या उन्हाळ्यातच आयझाया हार्टेनस्टाइन या भरभक्कम सेंटरला मोठ्या रकमेच्या कराराने संघात आणण्यात आले होते.