आवरण्याची मेहनत

इसवी सनापूर्वी 45 मध्ये सिसेरो ग्रीक तत्त्वज्ञान लॅटिनमध्ये आणत होता. मत बनवण्याआधी स्वतःला रोखून धरणे, अशा अर्थाच्या एका ग्रीक क्रियापदाला त्याला प्रतिशब्द हवा होता. मित्र ॲटिकसने खलाशांच्या बोलीतला ‘इनहिबेरे’ सुचवला. सिसेरोला तो आवडला. हा हुकूम आला की वल्हेकरी वल्ही उचलून स्वस्थ बसतात, अशी त्याची समजूत होती. मग त्याच्या घरापाशी एक जहाज किनाऱ्याला लागले आणि त्याला खरा प्रकार कळला. या हुकमावर हात थांबत नाहीत, ते उलटे वल्हवू लागतात. हा शब्द नको, असे त्याने ॲटिकसला लिहून कळवले.

एकोणिसाव्या शतकात शरीरशास्त्राने नेमका हाच शब्द उचलला: इनहिबिशन. सिसेरोने तो ज्या कारणासाठी टाकला, त्याच कारणाने तो इथे चपखल बसला. 1845 मध्ये वेबर बंधूंनी दाखवले की व्हेगस ही मज्जातंतू उत्तेजित केली तर हृदय मंदावते, थांबतेही. तोवर मज्जातंतू अवयवाला कामाला लावतात, एवढेच ठाऊक होते. आता थांबवणे हेही मज्जातंतूचे काम ठरले.

1862 मध्ये पॅरिसला, क्लोद बर्नारच्या प्रयोगशाळेत, इवान सेचेनोव हा रशियन डॉक्टर बेडकाच्या मेंदूचा छेद घेऊन त्यावर मिठाचा खडा ठेवत होता. बेडकाचा पाय सौम्य आम्लात बुडवला की एरवी तो झटकन वर येई. मीठ ठेवल्यावर वेळ लागे. म्हणजे मेंदूत रोखणारी केंद्रे आहेत, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढच्याच वर्षी ‘मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रिया’ या निबंधात तो बेडकावरून माणसावर आला. विचार म्हणजे शेवटची हालचाल अडवलेली प्रतिक्षिप्त क्रिया. भावावेग म्हणजे तोच शेवट बळावलेली क्रिया. विवेक आणि विकार ही दोन राज्ये उरली नाहीत, एकाच रस्त्याची दोन टोके झाली. झारच्या सेन्सॉरला यातला धोका लगेच कळला. हा लेख साहित्यिक मासिकात येऊ दिला नाही. शीर्षक बदलून तो वैद्यकीय साप्ताहिकात छापावा लागला. 1866 मध्ये पुस्तक निघाले, तर त्याची विक्री अडवली गेली.

तरुणपणी हे पुस्तक वाचून भारावलेला एक वाचक म्हणजे इवान पावलोव. त्याच्या लिखाणात रोखण्यासाठी ‘तरमझेनिये’ हा शब्द रुळला. रशियनमध्ये ‘तोरमझ’ म्हणजे ब्रेक. कुत्र्यांना संकेत शिकवताना त्याला दिसले की उत्तेजन आणि अवरोध यांचा तोल प्रत्येक कुत्र्यात निराळा असतो. त्यावरून त्याने हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतले चार स्वभाव नव्याने मांडले. 23 सप्टेंबर 1924 ला लेनिनग्राडमध्ये पूर आला. पिंजऱ्यांत पाणी शिरले आणि कुत्र्यांना त्यातून पोहवत बाहेर काढावे लागले. नंतर काही कुत्री पूर्ववत वागली. ‘दुर्बळ’ स्वभावाच्या एका कुत्र्याचे शिकलेले सगळे पुसून गेले. बऱ्याच दिवसांनी ते परतले. पण मुद्दाम दाराखालून पाण्याची धार सोडताच पुन्हा ढासळले. ब्रेक तेच होते. रस्ता भीतीने ओला झाला होता.

हा विचार इंग्रजीत आणणाऱ्यांपैकी एकाला सैन्यातल्या नोकरीमुळे रशियन येत होती: जेफ्री ग्रे. 1964 मध्ये त्याने पावलोवच्या स्वभावमीमांसेवरचे रशियन लेख अनुवादित आणि संपादित केले. पुढे त्याने स्वतःचा सिद्धान्त मांडला. शिक्षेची किंवा अनोळखी गोष्टीची चाहूल लागली की चालू कृती अडवणारी एक यंत्रणा मेंदूत असते. चिंताळू माणसात ती जास्त जागी असते. थांबणे इथे सद्गुणाच्या यादीतून उतरते. थांबणारा माणूस घाबरलेलाही असू शकतो.

आजच्या प्रयोगांत माणूस स्कॅनरमध्ये आडवा असतो. बहुतेक चित्रांना बटण दाबायचे, ठरावीक चित्राला हात आवरायचा. अशा वेळी उजव्या कपाळामागचा एक भाग आणि मेंदूच्या खोलातली लहानशी केंद्रे कामाला लागतात. चित्रात घाबरलेला किंवा हसरा चेहरा आला की हे काम बदलते. सौम्य भावना थांबायला मदतही करते. तीव्र धोक्याची चाहूल मात्र थांबणे अवघड करते. कोणाच्या मेंदूला किती कष्ट पडतात, हे स्वभावानुसारही बदलते.

हे मराठीत आणताना ‘संयम’ लिहिला तर आधीच शाबासकी दिल्यासारखे होते. ‘निग्रह’ म्हटले की तपस्वी उभा राहतो, ‘अवरोध’ म्हटले की तुंबलेले गटार. मला ‘आवरणे’ जवळचे वाटते. आपण राग आवरतो आणि जेवणानंतर स्वयंपाकघरही आवरतो. दोन्हीकडे हात चालूच असतात, आणि किती पसारा वाट्याला आला आहे यावर मेहनत ठरते. वर्गातल्या गप्प मुलीला शहाणी आणि उसळणाऱ्या मुलाला वाया गेलेला ठरवताना आपण फक्त थांबलेली नाव पाहतो. वल्ही कोण किती जोराने उलटी मारते आहे, ते पाण्याखाली राहते.