कर्नलचा माळा

"मामा, कर्नलचा माळा काढायला घेतलाय," भाच्याने परवा जेवताना जाहीर केलं. आमच्या सिंधुदुर्गात लष्करातून निवृत्त होऊन आलेली माणसं पुष्कळ. कुणीतरी जुनं घर पाडत असेल असं समजून मी विचारलं, "कुठल्या रेजिमेंटचे रे?" भाच्याने घास हातातच ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. पुण्यात संगणकाची नोकरी करणारी मुलं मालवणात आली की साधारण तिसऱ्या दिवसापासून मामाकडे अशी पाहू लागतात.

कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी. कुणी कुठे बसायचं, किती जागा अडवायची, कुणाचं ताट आधी वाढायचं, हे सगळं तो ठरवतो. एकत्र कुटुंबातले थोरले काकाच म्हणा ना! एवढं समजल्यावर पुढचं सोपं गेलं, कारण पुढची सगळी हकीकत आमच्या घराचीच निघाली.

आमचं घर जुनं. ओटी, माजघर आणि माजघरावर माळा. रोजचं सामान माजघरात, हात लांबवला की मिळतं. गणपतीचं मखर, लग्नकार्याची पातेली, आजोबांची ट्रंक, हे सगळं माळ्यावर. त्यातलं काही हवं असेल तर शिडी लावा, वर चढा, शिंका, वस्तू खाली आणा आणि काम झालं की पुन्हा वर नेऊन ठेवा. शिडीवर एका वेळी एकच माणूस.

आता इतिहास. आमचा जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला १ मे १९८१ रोजी, आणि आयबीएमचा पीसी बाजारात आला त्याच वर्षी १२ ऑगस्टला. म्हणजे आमचा सिंधुदुर्ग पीसीपेक्षा तीन महिन्यांनी वडील. (हे मी भाच्याला दोनदा सांगितलं.) १९८५ साली इंटेलने ३८६ नावाचा प्रोसेसर काढला. त्याचा पत्ता ३२ बिटांचा, त्यामुळे त्याला ४,२९,४९,६७,२९६ खणांपर्यंत, म्हणजे चार जीबीपर्यंत पोचता येई. त्या काळी दोन-चार एमबी असलेला माणूससुद्धा सावकार. चार जीबी म्हणजे त्याच्या हजारपट! याच ३८६ वर १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा कर्नल लिहायला घेतला.

पुढे या चार जीबी पत्त्यांची वाटणी झाली. तीन जीबी प्रोग्रॅम मंडळींना, एक जीबी कारभाऱ्याला. त्या एकातूनही वरकड खर्च जाता कारभाऱ्याच्या थेट हाताशी उरे ८९६ एमबी मेमरी. हे त्याचं माजघर. पण मेमरी स्वस्त होत गेली आणि माणसं एक, दोन, चार जीबी आणून ओतू लागली. ठेवायची कुठे? तेव्हा माळा घातला. त्याचं नाव हायमेम. जानेवारी २००१ च्या २.४ आवृत्तीतून तो घरोघर पोचला. माळ्यावरचं पान हवं तर कर्नलने शिडी लावायची, ते तात्पुरतं खाली आणायचं, वाचायचं आणि सोडून द्यायचं.

पेंटियम प्रोने तर १९९५ मध्येच पत्ता ३६ बिटांचा करून ठेवला होता. म्हणजे सामान ६४ जीबीपर्यंत, माजघर मात्र तेवढंच. आणि खरी मौज पुढेच आहे. माळ्यावरच्या प्रत्येक पानाची नोंद माजघरातच ठेवावी लागे. ६४ जीबी भरली की नुसती यादीच निम्म्याहून अधिक माजघर अडवून बसे. आमच्याकडे पाहुण्यांच्या यादीवरून जागा संपल्याचं पाहिलंय, पण इतकं नाही.

२००३ मध्ये एएमडीने ६४ बिटांचा प्रोसेसर आणला आणि माजघर एवढं मोठं झालं की माळ्याची गरजच सरली. पण शिडी जाईना. कर्नलमध्ये नवं काही लिहिणाऱ्याला स्वतःकडे माळा नसतानासुद्धा शिडी लावल्याचं नाटक करूनच पुढे जावं लागे. म्हणून मग काढाकाढ. खुद्द ३८६ ला डिसेंबर २०१२ मध्ये निरोप मिळाला. ज्याच्या मांडीवर लिनक्स जन्मलं तोच गेला, आणि टॉरवाल्ड्सने आपण भावनाप्रधान नसल्याचं सांगून टाकलं. मे २०२५ मध्ये आलेल्या ६.१५ आवृत्तीत पीसीचा चार जीबीपलीकडचा माळा उतरवला. ऑगस्टमध्ये डेबियनवाल्यांनी ३२ बिटांच्या पीसीला कर्नल देणंच थांबवलं. उरलेला माळाही काढावा, अशी चर्चा आहे.

हे सगळं मी आईला समजावलं. तिने निकाल दिला, "चढाक जमणा नाय, तर माळो कित्याक व्हयो?"

मला मात्र एवढं झटकन म्हणता येईना. कारण नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, संगणक ३२ बिटांचा आणि दोन जीबीचा आहे. म्हणजे त्याची निम्म्याहून अधिक स्मरणशक्ती माळ्यावरच! शेवटची दोन वर्षं नाना त्यावर एका बोटाने मालवणी शब्द टंकत बसायचे. तेही त्या काळच्या एका मराठी फाँटात. ती फाइल भाच्याच्या नव्या लॅपटॉपवर उघडली तर रोमन अक्षरांचा आणि स्वल्पविरामांचा पाऊस.

"यंत्र उद्या बंद पडणार नाही," भाचा म्हणाला. "जुना कर्नल चालेल. फक्त नवी डागडुजी मिळणार नाही." मीही निवृत्त आहे. वाक्याचा अर्थ मला लगेच कळला.

युनिकोडमध्ये बदलून देणारा प्रोग्रॅम त्याने लावला. बरेचसे शब्द आले, जोडाक्षरं मात्र ठेचकाळली. मग रोज रात्री जेवणं झाली की जुना संगणक डावीकडे, लॅपटॉप उजवीकडे, मध्ये भाचा, आणि शब्द ओळखायला मी आणि आई. आई पडद्याकडे बघतसुद्धा नाही. शब्द ऐकते आणि चूक सांगते. भाच्याच्या रजेचे तीन दिवस उरले होते तेव्हा आम्ही 'न' वर पोचलो.

"मामा, निसण म्हणजे काय?"

मी माळ्याला टेकवलेल्या शिडीकडे बोट दाखवलं. तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला आणि मग त्याने पुढचा शब्द विचारला.