वस्तुमान–ऊर्जा समतुल्यता

वस्तुमान–ऊर्जा समतुल्यता हे भौतिकशास्त्रातील एक मूलभूत तत्त्व आहे. या तत्त्वानुसार स्थिर वस्तूचे वस्तुमान हे तिच्यात सामावलेल्या एकूण ऊर्जेचेच माप असते. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी ते १९०५ मध्ये मांडले. 'ई = एमसी²' या प्रसिद्ध सूत्रात ई म्हणजे ऊर्जा, एम म्हणजे वस्तुमान आणि सी म्हणजे प्रकाशाचा निर्वातातील वेग (सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर) होय. या वेगाचा वर्ग फार मोठा असल्यामुळे अवघ्या १ ग्रॅम वस्तुमानाशी सुमारे अडीच कोटी युनिट विजेइतकी ऊर्जा निगडित असते.

ऊर्जेची संकल्पना

'कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा' ही शालेय व्याख्या यंत्रांच्या अभ्यासाला पुरेशी असली तरी अपुरी आहे. सर्वत्र सारख्या तापमानाच्या पाण्यात उष्णता भरपूर असते, पण केवळ तिच्यापासून कार्य करून घेता येत नाही. ऊर्जा हा एखादा द्रव किंवा पदार्थही नाही. ती व्यवस्थेच्या स्थितीवरून काढलेली एक राशी आहे. व्यवस्थेत कितीही बदल घडले, तरी बाहेरून काही आत आले नाही वा आतून बाहेर गेले नाही, तर ही राशी बदलत नाही. निसर्गनियम कालानुसार बदलत नाहीत, यातूनच ऊर्जेची ही अक्षय्यता निष्पन्न होते, असे गणितज्ञ एमी नोएदर यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमेयावरून दिसून येते.

ऊर्जेचा आकडा निरीक्षकावरही अवलंबून असतो. परभणीहून जिंतूरकडे निघालेल्या एस.टी. बसमध्ये ठेवलेली पिशवी प्रवाशाच्या दृष्टीने स्थिर असते, म्हणून तिची गतिज ऊर्जा शून्य ठरते. वाटेत बोरीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र तीच पिशवी वेगात असते आणि तिला गतिज ऊर्जा असते. दोघांचेही गणित बरोबरच असते. पिशवी स्थिर दिसते त्या चौकटीत तिच्यात जी ऊर्जा उरते, तिच्याबद्दल मात्र सर्व निरीक्षकांचे एकमत होते. या विराम ऊर्जेला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागले की वस्तूचे वस्तुमान मिळते.

आइन्स्टाइन यांचा युक्तिवाद

विशिष्ट सापेक्षता सिद्धान्तानंतर काही महिन्यांतच आइन्स्टाइन यांनी 'आनालेन डेर फिजिक' या नियतकालिकात जेमतेम तीन पृष्ठांचा लेख लिहिला. वस्तूचे जडत्व तिच्यातील ऊर्जेवर अवलंबून असते काय, असा प्रश्नच त्याचे शीर्षक होते. स्थिर वस्तूने दोन विरुद्ध दिशांना सारखाच प्रकाश फेकला, तर ती जागची हलत नाही. तिची ऊर्जा तेवढी घटते. हीच घटना चालत्या वाहनातून पाहिली तर वस्तूचा वेग आधी जेवढा होता तेवढाच राहतो, पण तिची गतिज ऊर्जा मात्र कमी भरते. वेग तोच आणि गतिज ऊर्जा कमी, याचा अर्थ वस्तुमान घटले. १९३२ मध्ये कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी प्रोटॉनच्या माऱ्याने लिथियमचे अणुकेंद्रक फोडले, तेव्हा बाहेर पडलेली ऊर्जा वस्तुमानातील घटीशी जुळली.

'रूपांतर' या शब्दाबद्दल

वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर होते असे सर्रास म्हटले जाते. त्यातून पदार्थ नाहीसा होऊन त्याच्या जागी ऊर्जा उत्पन्न होते असा गैरसमज होतो. तारापूर अणुविद्युत केंद्रात युरेनियमचे विखंडन होते तेव्हा प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची एकूण संख्या आधी होती तेवढीच राहते. बदलते ती त्यांची मांडणी. नव्या मांडणीची ऊर्जा कमी असते, म्हणून तुकड्यांचे एकत्रित वस्तुमान सुमारे एक हजारांशाने कमी भरते. निघालेली उष्णता बंद पेटीत अडवून ठेवली, तर पेटीचे वजन तसूभरही बदलणार नाही. उष्णता बाहेर जाऊ दिली तरच ते घटेल.

हा नियम केवळ अणुऊर्जेचा नाही. चुलीत जळणाऱ्या लाकडालाही तो लागू आहे, मात्र तेथील घट कोणत्याही तराजूला जाणवणार नाही इतकी क्षुल्लक असते. जिंतूर तालुक्यातील येलदरी धरणाच्या जलविद्युत केंद्राची स्थापित क्षमता २२.५ मेगावॉट आहे. ते वर्षभर अखंड पूर्ण क्षमतेने चालले असे मानले, तरी त्या विजेशी समतुल्य वस्तुमान जेमतेम ८ ग्रॅम भरते. याउलट सूर्य प्रकाशाच्या रूपाने दर सेकंदाला ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान गमावतो.

नेहमीच्या पदार्थांचे वस्तुमानही बहुतांशी ऊर्जाच आहे. प्रोटॉनमधील क्वार्कांचे स्वतःचे वस्तुमान प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या सुमारे एक टक्काच असते. उरलेले त्यांच्या गतीतून आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या क्षेत्राच्या ऊर्जेतून येते. दगड जड लागतो तो मुख्यतः या कोंडलेल्या ऊर्जेमुळे.

गुरुत्वीय लहरी आणि लायगो-इंडिया

समतुल्यतेचा अत्यंत भव्य आविष्कार १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळेने टिपला. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली. नव्या कृष्णविवराचे वस्तुमान मात्र ६५ ऐवजी सुमारे ६२ सूर्यांएवढेच भरले. उरलेल्या तीन सूर्यांएवढी ऊर्जा गुरुत्वीय लहरींच्या रूपाने निघून गेली होती. येथे कोणतेही इंधन जळाले नव्हते. व्यवस्थेतून ऊर्जा बाहेर पडली आणि तेवढे तिचे वस्तुमान घटले. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे प्रवास करून आलेल्या या लहरींनी वेधशाळेच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजांत घडवलेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. असे क्षीण संकेत गोंगाटातून वेगळे काढण्याच्या पद्धती विकसित करण्यात पुण्याच्या आयुका संस्थेतील संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे.

याच जातीची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारली जात आहे. १९९९ पर्यंत हा भाग परभणी जिल्ह्यातच होता. लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. तिच्याही भुजा ४ किलोमीटर लांबीच्या असतील. अमेरिकेपासून दूर असलेल्या या ठिकाणामुळे लहरी आकाशाच्या कोणत्या भागातून आल्या, हे अधिक अचूकपणे ठरवता येईल.