गोण्या वाढल्या, पोती का वाढंनात?

मंडळी, ही पोस्ट मुद्दाम काळाचौकीकरांसाठी. मी तिथल्याच चाळीत वाढलो, आता पत्रकारितेमुळं तालुक्याच्या गावी असतो. गेल्या महिन्यात खटावला आमच्या चुलत्यांकडं गेलो होतो. विहिरीवरचा दीड एकर गहू. चुलते म्हणाले, "पोरा, युरियाच्या गोण्या वाढल्या, पण गव्हाची पोती का वाढंनात?"

वडील गिरणीत होते. त्यांच्या मनीऑर्डरीतले काही पैसे दरवर्षी याच रानाच्या खताला जायचे. म्हणून प्रश्न आपलाही आहे. उत्तर शोधायला गेलो तर धागा थेट मुंबईच्या गोदीपर्यंत येऊन पोचला.

१८६९ ला सुएझ कालवा सुरू झाला, रेल्वे आतपर्यंत गेली आणि मध्य प्रांतातला गहू मुंबई बंदरातून विलायतेला जाऊ लागला. नागपूर, वर्ध्याचा भागही तेव्हा मध्य प्रांतातच होता. १८८९ मध्ये इंग्रज सरकारनं जॉन ऑगस्टस व्होल्कर या शेती-रसायनतज्ज्ञाला भारतात पाठवलं. त्याचा अहवाल १८९३ चा. आपला शेतकरी अडाणी नाही, हे त्यानं स्वच्छ लिहिलं. अडचण खताची आहे, सरपण नाही म्हणून शेण चुलीत जातं, हेही लिहिलं. धान्य, गळिताची बियाणं आणि जनावरांची हाडंसुद्धा जहाजात भरली जात होती. म्हणजे मातीतलं सत्त्व बाहेर जात होतं, परत काही येत नव्हतं.

पुढं १९०८ ते १९१२ मध्ये शिवडी-माझगावचा समुद्र भरून पोर्ट ट्रस्टनं जमीन काढली, तिथं कापसाच्या आणि धान्याच्या वखारी आल्या. काळाचौकीच्या पाठीमागचाच हा भाग.

स्वातंत्र्यानंतर उलटं झालं. पीएल-४८० कराराखाली अमेरिकेचा गहू भारतात येऊ लागला. १९६६ मध्ये तर देशानं सुमारे एक कोटी टन धान्य आयात केलं. रेशनच्या त्या लाल गव्हाच्या चिवट चपातीबद्दल वडील शेवटपर्यंत बोलायचे.

त्याच वर्षी मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणं आलं, लर्मा रोहो आणि सोनोरा. कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम, आणि त्यांच्या खात्यात आपल्या नगर जिल्ह्याचे अण्णासाहेब शिंदे. आपला जुना गहू उंच. खत जास्त दिलं की ओंबीच्या भारानं लोळायचा. मेक्सिकोचा बुटका, खत पचवून उभा राहायचा. खत बनवणारा ट्रॉम्बेचा कारखाना १९६५ पासूनच सुरू झाला होता, तोच १९७८ पासून आरसीएफ. 'सुफला' तिथलीच. देशाचं गव्हाचं उत्पादन १९६४-६५ ला सव्वा कोटी टनांच्या आसपास होतं, १९७०-७१ ला ते पावणेदोन ते दोन पट झालं. रासायनिक खताला सरसकट विष म्हणणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये. त्यानं आपल्याला जेवू घातलंय.

मग चुलत्यांचं काय चुकलं? याचं उत्तर एका हंगामात सापडत नाही. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला १८४३ पासून एकाच शेतात गव्हावर खताचा प्रयोग चालू आहे. काहीच न घातलेल्या तुकड्यात आजही हेक्टरी एक टनाच्या आसपास गहू येतो. खत किंवा शेणखत दिलेल्या तुकड्यांत त्याच्या कितीतरी पट.

आपल्याकडचा असा प्रयोग अकोल्याला, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात. काळी जमीन, खरिपात ज्वारी, रब्बीत गहू, १९८८ पासून. एका तुकड्याला नुसतं नत्र, एकाला नत्र-स्फुरद, एकाला नत्र-स्फुरद-पालाश, एकाला त्यासोबत शेणखत, एकाला काहीच नाही. सगळ्यात चांगलं पीक आलं संतुलित खत अधिक शेणखताच्या तुकड्यात. सेंद्रिय कर्बही तिथंच वाढला. नुसतं नत्र दिलेला तुकडा मागं पडला.

कारण साधं आहे. युरियात फक्त नत्र. त्याच्या जोरावर वाढलेलं पीक स्फुरद, पालाश, गंधक, जस्त मातीतून ओढून घेतं. ते परत दिलं नाही तर पुढच्या वर्षी नत्र कितीही ओता, पीक अडतं ते दुसऱ्याच कमतरतेपाशी.

पण दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद-पालाश खतांवरचं किंमत-नियंत्रण उठलं, युरियावरचं राहिलं. २०१० ला अन्नद्रव्यानुसार अनुदान आलं, युरिया पुन्हा त्याच्या बाहेर. आज युरियाची ४५ किलोची गोणी साधारण २६६ रुपये, डीएपीची ५० किलोची १३५० रुपये. हातात पैसे कमी असलेला माणूस कुठली उचलेल? त्यात बैल गेले, ट्रॅक्टर आला, गोठा रिकामा झाला. शेणखत आणायचं कुठून?

चुलत्यांच्या रानाची माती मी तपासून घेतली. सेंद्रिय कर्ब कमी, जस्त कमी. कागद वाचून ते म्हणाले, "म्हंजे आम्ही नुसतं घेतच गेलो व्हय."

काळाचौकीतल्या किती घरांची जमीन अजून साताऱ्यात, कोकणात आहे. भाऊ-चुलते ती कसतात, तिथला तांदूळ-गहू आपल्या घरी येतो. जत्रेला, गणपतीला जाल तेव्हा शेताच्या चार कोपऱ्यांतली आणि मधली माती घेऊन तपासायला द्या. पेरणीआधी, खत टाकायच्या आधी. पुढच्या गोणीचे पैसे पाठवताना त्यातले थोडे शेणखताच्या नावानं पाठवा.

तुमच्या रानाचं माती परीक्षण शेवटचं कधी झालं? खाली लिहा.