परक्या हातचा घास : नाशिकच्या खवय्येगिरीची पूर्वपीठिका

नाशिकमध्ये रविवारी सकाळी पाहुणा आला, की चहाच्या आधी मिसळीचा विषय निघतो. मोड आलेल्या मटकीची उसळ, वर शेव, कांदा, लिंबू, शेजारी दही आणि पापड, आणि कांदा-खोबरे काळपट होईपर्यंत भाजून केलेल्या मसाल्याचा रस्सा. पूर्वी ही ताटली गावात आणि पंचवटीत मिळे. आता लोक तिच्यासाठी शहराबाहेरच्या द्राक्षबागांपर्यंत गाड्या काढतात. रस्सा कुठला झणझणीत, यावर तास-तास वाद होतात. मात्र तो शिजवणारा कोण, त्याची जात कोणती, हे सहसा कोणी विचारत नाही. हे न विचारणे आपण गृहीत धरतो. त्याचा इतिहास मात्र फार जुना नाही.

नाशिकला परगावची माणसे येणे नवे नाही. दर बारा वर्षांनी सिंहस्थ, एरवी गोदावरीचे स्नान आणि श्राद्धविधी. पण यात्रेकरू ‘बाहेर जेवायला’ जात नसे. तो आपल्या तीर्थोपाध्यायांकडे उतरे, नाहीतर धर्मशाळेत तीन दगडांची चूल मांडे आणि बाजारातून फक्त शिधा आणी. पाण्यात शिजवलेला भात हा सर्वांत नाजूक पदार्थ. तो कोणाच्या हातचा चालतो, यावरून माणसाची पायरी ठरे. चुरमुरे, फुटाणे, लाह्या, पेढे यांच्याबाबत मात्र नियम सैल होते. चिवडा आणि जिलेबी नाशिकच्या बाजारात मानाने मिरवतात, कोंडाजींचा चिवडा आणि बुधा हलवाईंची जिलेबी गावाची ओळख सांगतात, त्याच्या मुळाशी ही सैल बाजू असावी, असा माझा तर्क आहे. भाताआधी भाजलेल्या-तळलेल्या पदार्थांनी उंबरा ओलांडला.

नियम किती कडक असू शकत, हे पाहायला दूर जायला नको. नाशिकजवळचे जलालपूर हे लक्ष्मीबाई टिळकांचे माहेर. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन केले आहे, बाजारातून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे, अगदी मीठसुद्धा. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी पुढे काही काळ लक्ष्मीबाईंनी आपले अन्नपाणी वेगळे ठेवले. नंतर विचारांती त्यांनी तो भेद सोडला. मीठ धुणाऱ्या घरातल्या मुलीने कोणाच्याही हातचे खायचे ठरवणे, ही माझ्या मते आपल्या खाद्यइतिहासातली फार मोठी घटना आहे.

जेवणाचे सोडा, चहासुद्धा महाग पडे. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. हजर असलेल्यांत लोकमान्य टिळक होते आणि न्यायमूर्ती रानडेही होते. रानडे म्हणजे आपल्या निफाडला जन्मलेले. नावे छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि पुढे रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. न्यायाधीशपदाची प्रतिष्ठाही एका कपापुढे पुरी पडली नाही.

तरीही शहरे वाढत होती. रेल्वेने माणसे घराबाहेर काढली. स्टेशनावर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळे असले, तरी गाडीचा डबा एकच होता. नोकरीसाठी एकट्या राहणाऱ्या पुरुषांना रोजचे जेवण हवे होते. त्यातून खानावळी आल्या. पण पाटीवर जात घेऊन. ‘ब्राह्मणाची खानावळ’ ही पाटी म्हणजे सोवळ्याची हमी होती. 1910 साली दादरला मामा काणे यांनी उपाहारगृह काढले, त्याच्या नावात ‘स्वच्छ’ हा शब्द आला. शुद्धतेपासून स्वच्छतेपर्यंतचा हा प्रवास लक्षात घेण्याजोगा आहे. शुद्धता जन्मावर ठरते. स्वच्छता भांडी घासून मिळवता येते. कोल्हापुरात तर शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला मदत केली आणि तिथला चहा लोकांदेखत स्वतः प्यायले. प्रचाराचे काम त्या कपाने केले.

आता पुन्हा पंचवटीत येऊ. 2 मार्च 1930 रोजी इथे काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व डॉ. आंबेडकरांचे, आणि जागेवर लढा चालवणारे दादासाहेब गायकवाड. मंदिराची दारे उघडली नाहीत. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्या परिसरात आज मिसळीसाठी रांग लागते, तिथे वर्षानुवर्षे दारासाठी लोक बसले होते. म्हणूनच 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. खवय्याने पाककृतींच्या पुस्तकाशेजारी ते पानही ठेवावे.

पाककृतींच्या पुस्तकांवरून आठवले. मराठीत 1875 सालीच रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ छापले गेले. पण स्वयंपाक पुस्तकातून शिकण्याची गरज शहरातल्या सासू-आई जवळ नसलेल्या संसारांनी वाढवली. कमलाबाई ओगले यांच्या 1970 च्या ‘रुचिरा’ने ती वाटी-चमच्याच्या मापाने भागवली. घराण्याची चव अशी परक्या घरात पोचली. दुसरीकडे मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांची संघटना प्रेमा पुरव यांनी 1975 साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’च्या रूपाने उभी केली. खवय्येगिरीच्या कथांत जेवणारा पुरुष नेहमी ठळक असतो. रांधणारीला नाव मिळायला इतका काळ लागला.

हा इतिहास संपलेला नाही. हॉटेलात न विचारला जाणारा प्रश्न घर भाड्याने देताना अजून विचारला जातो : ‘तुमच्याकडे काय शिजते?’ शेजारच्या फोडणीचा वास नको म्हणणारा माणूस रविवारी त्याच शेजाऱ्याशेजारी बसून रस्सा वाढून घेतो. आपण परक्या हातचे खायला शिकलो. परक्या चुलीशेजारी राहायला शिकणे बाकी आहे. तोवर मिसळीच्या टेबलावर जे जमले आहे, ते कमी मानू नये. त्यासाठी कोणी प्रायश्चित्त घेतले आहे, कोणी मंदिराच्या दारात बसले आहे.